पाठीमागचा हूक

त्या चर्चमधल्या पाळकांच्या झग्याला हूक पाठीमागे होता, दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध. हात कितीही पिरगाळला तरी बोटं तिथवर पोचायची नाहीत. नव्या माणसाला वाटायचं, शिवणारी चुकली. पण शिवणारी ताई होती, आणि ताईच्या हातचा तुरपाईचा टाकासुद्धा कधी वाकडा जात नसे. तिला हूक तिथेच लावायला सांगितलं होतं. सांगणारे होते मंडळीचे पहिले पाळक. त्यांना सगळे म्हातारेबाबा म्हणत.

म्हातारेबाबा तोंडाने फटकळ आणि स्वतःच्या बाबतीत फार संशयी. आधी ज्या ठिकाणी होते तिथे त्यांच्या रागापायी एक कुटुंब चर्च सोडून गेलं होतं, आणि म्हातारेबाबांना अडवायला एकही माणूस उठला नव्हता. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं. म्हणून इथे आल्यावर त्यांनी एक रीत घातली. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेश संपला की प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून वाटण्याच्या आधी पाळकाने व्यासपीठावरून खाली यायचं, झगा उतरवायचा आणि सगळ्यांसमोर एका बुटक्या, बिनपाठीच्या स्टुलावर बसायचं. मंडळीने नेमलेला एक माणूस मग पुढे येणार आणि तीन प्रश्न विचारणार. उत्तरं पटली तर तो झगा पाळकाच्या अंगावर चढवून हूक लावणार. नाही पटली तर झगा हातावर टाकून आपल्या जागेवर जाऊन बसणार, आणि त्या दिवशी पाळकाने भाकर मोडायची नाही. त्या माणसाला नुसतं ‘विचारणारा’ म्हणत.

म्हातारेबाबा म्हणायचे, "प्रभू कमरेला रुमाल बांधून आपणहून खाली बसला, शिष्यांचे पाय धुवायला. आम्ही आपणहून बसणाऱ्यांतले नाही. आम्हाला बसवावं लागतं."

प्रश्नही त्यांचेच. या महिन्यात कोणाला भीती घातलीत का? कोणाला दुखावून माफी मागायची राहिली आहे का? आणि तिसरा, तुम्हाला कोणी ‘नाही’ म्हणालं तेव्हा तुम्ही काय केलंत? पहिल्या दोन प्रश्नांतून ‘नाही’ म्हणून सुटता येतं. तिसऱ्याला मात्र काहीतरी हकीकत सांगावीच लागते. म्हातारा मुरलेला होता.

पहिला विचारणारा त्यांनी स्वतःच सुचवला, एक पोस्टमन. त्याचं आणि म्हातारेबाबांचं जन्मात कधी कशावर पटलं नाही, अगदी खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद यावरही नाही. त्या पोस्टमनने एकदा खरोखर झगा हातावर टाकला आणि बाकावर जाऊन बसला. म्हातारेबाबाही उठून लोकांमध्ये बसले आणि त्याच दुपारी झाडणाऱ्या बाईच्या घरी माफी मागायला गेले. हे पाहिलेली माणसं अजून आहेत. पण गोष्ट सांगताना ती हसून सांगतात, तिथेच सगळं चुकलं.

म्हातारेबाबा गेले, त्यांच्या पाठोपाठ पोस्टमनही गेला. नवे पाळक म्हणून मंडळीने निवडलं ताईच्या भावाला.

हा भाऊ ताईच्याच हाताखाली वाढलेला. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि ताईची शाळा चालू होती. शाळा सुटली ती कायमची, आणि ताई आईच्या शिलाई मशीनवर बसली. लोकांच्या कपड्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून त्याचे सदरे निघायचे. पोरगं बटणं चघळायचं, म्हणून ताई बटणं पाठीमागे लावायची. रोज सकाळी तो तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, लाव." मशीनचा पाय थांबवून ती एकेक बटण लावायची. तळहाताच्या फोडासारखं जपलं तिने त्याला. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती म्हणायची, एक पोर पदरात आहे की, अजून किती?

पुढे तो शिकला, धर्मशिक्षण घेऊन परत आला. आवाज असा की रडणारं मूल ऐकत राहावं. ताईसाठी तो बाळच होता, बाकी सगळे त्याला पाळकसाहेब म्हणू लागले.

विचारणारा कोण नेमायचा, अशी बैठक बसली तेव्हा मंडळीचे चिटणीस मास्तर म्हणाले, "ताईंपेक्षा चांगलं कोण? जिने त्याचं नाक पुसलंय ती त्याला कशाला घाबरेल?" सगळे हसले आणि सगळ्यांना पटलं. प्रेमळ माणसांकडून होणारी चूक होती ही. कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. उलट पाळकाचा मान राखला, बहिणीचाही राखला, असंच सगळ्यांना वाटलं. ताईला तर आपल्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. भावाच्या रागाला ती खरंच घाबरत नव्हती. पण भाऊ रुसला, दोन दिवस जेवायला आला नाही, तर त्याला परत ताटावर बसवायला ती काहीही सोडून देईल. हे तिलाही माहीत नव्हतं, मग मास्तरांना कुठून असणार?

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. बाळ स्टुलावर बसायचा आणि तिसऱ्या प्रश्नाला खरी उत्तरं द्यायचा. एकदा म्हणाला, घंटावाल्याने मला तोंडावर सांगितलं की उपदेश फार लांबतो, मला राग आला, दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, मग घड्याळ लावून पाहिलं तर तो बरोबर होता. मंडळी खळखळून हसली. ताईने झगा चढवला, हूक लावला आणि अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी बाकावर येऊन बसली.

मग माणसं त्याचं ऐकू लागली, आणि ऐकणारी माणसं फार वाईट. तो खोलीत आला की उठून उभी राहू लागली. त्याने सांगितलं म्हणून मुलांच्या नोकऱ्या ठरल्या, लग्नं ठरली, मोडलीही. प्रार्थनेच्या खोलीत एकट्याने बोलावलेली माणसं बाहेर येताना खाली बघून चालू लागली. पैशाला त्याने कधी हात लावला नाही, बायकांच्या बाबतीत बोट दाखवावं असं काही नाही, म्हणून सगळे निर्धास्त. पाळक बिघडला म्हणजे या दोन गोष्टींतच बिघडतो असं लोकांनी धरून ठेवलेलं असतं. तिसरी एक गोष्ट असते, माणसाला दुसऱ्याच्या मानेवर हात ठेवायची गोडी लागते, तिचा हिशोब कोणी धरत नाही.

एका रविवारी ताईच्या घरी जेवताना तो तिला म्हणाला, पहिल्या रविवारी उपासना फार लांबते, म्हातारी माणसं अवघडतात, तिसरा प्रश्न सोडून दे, दोनमध्ये सगळं आलंच की. ताईला ते पटलं नव्हतं. पण तो त्या दिवशी भरपेट जेवत होता, हसत होता. तिने प्रश्न सोडला. पुढच्या महिन्यात कोणाच्या लक्षातही आलं नाही. दोन प्रश्न, दोन ‘नाही’, हूक लावला, झालं.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी जी बाई होती, तिला सगळे ऑर्गनबाई म्हणत. ती ताईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका वर्गात होत्या, शाळा सोडली तरी मैत्री सुटली नाही. ऑर्गनबाई स्पष्टवक्ती, हसली की सगळं अंग हलवून हसणारी. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, कमी बोलायचे, दुकान बंद करून उपासनेला उशिरा यायचे आणि दाराजवळच्या बाकावर बसायचे. त्यांना एकच मुलगा, आणि तो परदेशात कामाला असतो असं ऑर्गनबाई सगळ्यांना सांगायची.

मुलगा तुरुंगात होता. हे ती, तिचे यजमान आणि ताई सोडून कोणाला माहीत नव्हतं. एके दिवशी मन फार जड झालं म्हणून ती पाळकांच्या प्रार्थनेच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती हलकी होऊन घरी गेली, तसं तिने ताईला सांगितलंही. तुझ्या भावाचा हात म्हणजे, ती म्हणाली, अगदी म्हातारेबाबांचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑर्गनवर कुठलं गीत वाजवायचं यावरून तिचं आणि पाळकाचं किरकोळ वाजलं. ती म्हणाली, हे गीत मुलांना येत नाही, मी नाही वाजवणार. एवढंच. पुढच्या रविवारी उपदेशात तो म्हणाला, "आपल्यात एक आई आहे. तिची बोटं देवाची गीतं वाजवतात आणि तिची जीभ सांगते की मुलगा परदेशात आहे. तो कुठे आहे ते मला माहीत आहे. देवालाही माहीत आहे."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्यांच्या माना ऑर्गनकडे वळल्या. ताई पुढच्या बाकावर होती. तिला मैत्रिणीची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ ताठ होती. उपदेशानंतरचं गीत तिने पूर्ण वाजवलं, एकही सूर चुकला नाही.

उपासना सुटल्यावर दारात पाळक सगळ्यांशी हात मिळवत होता. ऑर्गनबाई त्याच्यासमोर थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "खोलीत सांगितलं ते तुमच्याजवळ ठेवायला दिलं होतं. वाटायला नाही."

पुढच्या रविवारी ऑर्गनला कुलूप होतं. मास्तरांनी पाळकाची चिठ्ठी वाचून दाखवली, की पाळकाचा चारचौघांत अपमान करणाऱ्या व्यक्तीने मंडळीसमोर माफी मागेपर्यंत तिला प्रभुभोजन मिळणार नाही. वाचताना मास्तरांचा आवाज नेहमीसारखाच होता. शाळेत हजेरी घेतल्यासारखा.

ऑर्गनबाईने माफी मागितली नाही आणि चर्चलाही यायची थांबली नाही. आता ऑर्गन नाही म्हणून ती ताईच्या शेजारी पुढच्या बाकावर बसू लागली. तिथेच तिने ताईला विचारलं, "विचारणारी तू आहेस ना? मग विचार की."

ताई म्हणाली, "घरी बोलते गं त्याच्याशी. सगळ्यांसमोर नको. जरा निवू दे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय. घरी ती बोललीही. ताट वाढून समोर बसली आणि म्हणाली की तिने तुला विश्वासाने सांगितलं होतं, बाळ. त्याने घास हातातच ठेवला.

"मी नाव घेतलं का तिचं?"

ताईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

"मंडळी सांभाळायची म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना कळत नाही. निदान तू तरी समजून घे." आणि तो ताट तसंच टाकून उठला. तीन दिवस जेवायला आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा ताईने तो विषय काढला नाही, त्याच्या आवडीचं केलं होतं.

पहिला रविवार आला. तो स्टुलावर बसला. ताईने विचारलं, कोणाला भीती घातलीत का? नाही. कोणाला दुखावून माफी मागायची राहिली आहे का? तो तिच्याकडे सरळ बघून म्हणाला, नाही. ताईला माहीत होतं, बाकावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने झगा चढवला आणि हूक लावला. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुठे मागायची म्हणतात. इथे कुंपण नुसतं बाजूला होऊन उभं राहिलं.

मग तो भाकरीचं ताट घेऊन बाकाबाकावरून फिरला. ताईच्या तळहातावर त्याने तुकडा ठेवला. शेजारी ऑर्गनबाईने तळहात पुढे केला होता. त्याने तो न बघता ताट पुढे नेलं. तिचा हात थोडा वेळ तसाच उघडा राहिला, मग तिने तो मांडीवर घेतला. ताईने तो हात बघितला. आणि आपला तुकडा गिळला.

असं दर महिन्याला होत राहिलं. दर महिन्याला ऑर्गनबाई हात पुढे करायची, जणू या वेळी तो विसरेल. ताई आपला तुकडा खायची आणि डोळे मिटायची. मिटलेल्या डोळ्यांना लोक प्रार्थना समजतात, हे सोयीचं असतं.

मग ऑर्गनबाई आजारी पडली, आणि आजार बरा होण्यातला नाही हे लवकरच कळलं. ताई आपल्या शिलाईच्या दुकानाचं शटर ओढून रोज दुपारी तिच्याकडे जायची. खिडकीजवळ पलंग, भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. एका दुपारी ती म्हणाली, "मला भाकर हवी गं. एकदाच."

ताई तशीच उठून पाळकाच्या घरी गेली. तो लिहीत बसला होता. तिने सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं. तो दगड नव्हता. पण म्हणाला, मी आत्ता झुकलो तर उद्या मंडळीत कोण ऐकेल? माफीचे दोन शब्द, ताई. मास्तरांना पाठवतो, त्यांच्यासमोर दोन शब्द म्हणू दे, मी लगेच येतो.

मास्तर गेले. ऑर्गनबाईने त्यांना बसायला सांगितलं, पाणी द्यायला लावलं आणि तसंच परत पाठवलं. ताईला मागाहून म्हणाली, "मुलाबद्दल खोटं बोलले, त्याची माफी देवाजवळ रोज मागते. यांच्याजवळ कशाची मागू? ते सांग, मागते."

ताई तिची चादर सारखी करू लागली. मैत्रिणीने तिचा हात धरला. बोटं अगदी वाळली होती, पण पकड ऑर्गन वाजवणाऱ्या बाईचीच होती.

"तू विचारलंस का गं त्याला?"

"विचारते," ताई म्हणाली. "या रविवारी नक्की विचारते."

रविवार उजाडायच्या आतच ऑर्गनबाई गेली.

अंत्यविधीला पाळक फार सुंदर बोलला. तिच्या बोटांचं कौतुक केलं, तिच्या सेवेचं केलं. लोक रडले. घड्याळवाले टोपी हातात धरून उभे होते आणि एकटक त्याच्या झग्याकडे बघत होते. ताईला त्या वेळी आपल्याच भावाचा आवाज ऐकवेना. एवढ्या गोड आवाजाने माणूस काहीही बोलू शकतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि कळून काय उपयोग होता?

शनिवारी तिने झगा नेहमीसारखा धुऊन इस्त्रीला घेतला. बाह्या झाल्या, गळा झाला, पाठ उलटली. हूक जरा सैल झाला होता. सुई-दोरा घेऊन तिने तो पक्का केला, आणि टाका घालता घालता तिला म्हातारेबाबांचं एक बोलणं आठवलं. विचारणारा असा निवडा, ते म्हणायचे, की ज्याला पाळकाकडून काही नको असेल. तेव्हा सगळ्यांनी मान हलवली होती. ताईला भावाकडून खरंच काही नको होतं. पैसा नको, मान नको. फक्त तो हवा होता. त्याच्याइतकं मोठं मागणं मंडळीत दुसऱ्या कोणाचंही नव्हतं.

तो महिन्याचा पहिला रविवार होता आणि चर्च भरलं होतं. घड्याळवाले त्या दिवशी दाराजवळ बसले नाहीत. ते सरळ पुढे आले आणि ताईच्या शेजारी, बायकोच्या जागेवर बसले. ताईने त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायचं तोंडच नव्हतं.

उपदेश संपला. पाळक खाली आला, ताईकडून हूक सोडवून घेऊन झगा तिच्या हातात दिला आणि स्टुलावर बसला. झग्याविना तो नेहमी लहान दिसायचा. ताईने पहिला प्रश्न विचारला. नाही. दुसरा विचारला. नाही. तो उठायला लागला.

"बसा," ताई म्हणाली. घरात ती त्याला अरे-तुरे करायची, इथे तुम्ही म्हणायची. "एक राहिलाय. तुम्हाला कोणी ‘नाही’ म्हणालं, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मागे कोणाचं तरी मूल झोपेत कुरकुरलं ते पुढपर्यंत ऐकू आलं. पाळक तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, मग दुखावल्याचं, तेच जुनं, ताट टाकून उठतानाचं. पण ताई उभी राहिली.

"हा प्रश्न आपण बंद केलाय, ताई," तो हळूच म्हणाला.

"मी बंद केला होता. मी चुकले. सांगा."

तो उठला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. झगा चढवून घ्यायला तो असाच उभा राहायचा, आणि त्याच्याही आधी, बटणं मागे असलेल्या सदऱ्यात, असाच. मान किंचित पुढे, खांदे सैल. मानेवरचे केस पिकायला लागले होते, ते तिने आजच पाहिले.

"ताई, लाव," तो म्हणाला. अगदी त्याच आवाजात.

तिचे हात उठले. सवयीनेच उठले, झगा त्याच्या खांद्यांवर पडलासुद्धा. हूक तिच्या बोटांत आला. कालच पक्का केलेला. मग तिने बोटं सोडली.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "नाही लावणार."

त्याने हात मागे नेला. एकदा वरून, एकदा खालून. बोटं पोचेनात. म्हातारेबाबांनी माप बरोबर घेतलं होतं. पाळकाच्या बाह्या वर सरकल्या, झगा एका खांद्यावरून घसरला, आणि सगळी मंडळी ते बघत बसली. ताईला वाटलं, आता तो थकेल. आता स्टुलावर बसेल, आणि रडेल, आणि मी त्याला जवळ घेईन.

तेवढ्यात मास्तर उठले. पुढे येऊन मंडळीकडे वळून म्हणाले, "ताईंची तब्येत बरी नाही. मैत्रीण गेल्याचा धक्का आहे. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू." आणि त्यांनी हूक लावला.

एवढं सोपं होतं ते. इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं की हूक फक्त विचारणाराच लावतो. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. फक्त दुसऱ्या कोणी पुढे यायचं नाही, एवढीच ती रीत. हूक लावायला कोणाचीही दोन बोटं चालतात, आणि अशी बोटं कुठल्याही मंडळीत कमी पडत नाहीत. एकही माणूस उठून ‘थांबा’ म्हणाला नाही. काही जण खाली बघत होते, त्यांना वाईट वाटत असावं.

ताई आपल्या जागेवर येऊन बसली. भाकर मोडली गेली, आणि पाळक ताट घेऊन बाकाबाकावरून फिरू लागला. मास्तरांनी हूक तिरका लावला होता, गळ्यामागे चुणी पडली होती, आणि एवढं सगळं होऊनही ती सरळ करावी म्हणून तिचा हात शिवशिवला.

तो तिच्यासमोर आला. तिने तळहात पुढे केला. जणू तो विसरेल. त्याचं ताट जरासं हललं, तुकडे एकावर एक सरकले. वर न बघता त्याने ते पुढे नेलं, घड्याळवाल्यांच्या हातावर तुकडा ठेवला आणि मागच्या बाकाकडे गेला.

ताईचा हात उघडाच राहिला. मैत्रिणीचाही असाच राहायचा. दर महिन्याला, इथेच, तिच्या कोपराला कोपर लावून.

घड्याळवाल्यांनी आपला तुकडा दोन बोटांत धरला. बारीक स्क्रू उचलायची सवय असलेली ती बोटं. त्यांनी तुकडा मधोमध मोडला आणि अर्धा ताईच्या तळहातावर ठेवला.

ताई त्या अर्ध्या तुकड्याकडे बघत राहिली. भावाला विचारायचं धैर्य नव्हतं, तर नव्हतं. पण हे? तिच्या हातात दर महिन्याला अख्खा तुकडा येत होता. मोडायचा आणि शेजारी द्यायचा, एवढंच होतं. यासाठी उभंसुद्धा राहावं लागलं नसतं. तिला ते एकदाही सुचलं नाही.

तिचा बांध फुटला. झाकायला पदर वर घेण्याचीही शुद्ध तिला राहिली नाही. घड्याळवाले शेजारी बसून होते. आपला अर्धा तुकडा त्यांनी हातातच धरून ठेवला होता, ती खाईपर्यंत.